विमान ज्यांचं उडालं नाही

मला त्या टोपीचा पहिल्या दिवसापासून राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाईंनी जरा समतोल लिहायला हवं होतं असं नंतर कुणी म्हणायला नको. समतोल ज्यांना परवडतो त्यांनी राखावा. मी सिल्वासातल्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. मूळची दापोलीकडची, नवऱ्याला मसाटच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आले आणि इथलीच झाले. इथली पोरं एका वाक्यात तीन भाषा बोलतात, आणि मी त्यांचं शुद्धलेखन तपासते.

आमच्या संस्थेच्या विश्वस्तांमध्ये एक मोठे मॅनेजर आहेत. कारखान्यात जे केलं की माल सुधारतो तेच शाळेत केलं की मुलं सुधारतात, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत आहे. शिक्षकांच्या सभेत ते 'रिजेक्शन कमी करा' म्हणतात, आणि त्यांना म्हणायचं असतं नापास मुलं. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी मेंदूची यंत्रं पाहिली आणि झपाटल्यासारखे परत आले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आम्ही शाळेत पाऊल टाकलं तर वाचनालयाची खोली रिकामी. पुस्तकांची कपाटं जिन्याखाली ढकललेली, खोलीत नवाकोरा एसी आणि दारावर 'मेमरी लॅब' अशी पाटी. त्या वेळी माझ्या वर्गातला पंखा फक्त आवाज करायचा, वारा देत नसे.

यंत्रं दोन प्रकारची होती. पहिली टोपी डोक्यातल्या लहरी मोजायची. तिच्या आत स्पंजचे गोल तुकडे असत. ते मिठाच्या पाण्यात भिजवायचे, केस बाजूला सारून डोक्याला टेकवायचे आणि समोरच्या पडद्यावर बघत बसायचं. पडद्यावर एक विमान. मुलाचं लक्ष एकाग्र असलं की विमान वर चढायचं आणि मागचं आकाश हिरवं व्हायचं. लक्ष भरकटलं की विमान खाली, आकाश लाल. असं नेमाने विमान उडवलं की मेंदूला एकाग्र व्हायची सवय लागते आणि स्मरणशक्ती वाढते, असं आम्हाला सांगण्यात आलं. दुसरी होती कपाळावर बांधायची पट्टी. तिच्यातून अगदी मंद करंट सोडायचा, आणि तो चालू असताना मुलाने पाठांतर करायचं, म्हणजे ते पक्कं बसतं म्हणे. ती पट्टी फक्त निवडलेल्या मुलांसाठी होती.

जगात कुठेतरी शहाणी माणसं या विषयावर नीट काम करत असतील. सावकाश, परवानग्या घेऊन, चुकलं तर चुकलं म्हणत. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. माझं भांडण आमच्या जिन्याशेजारच्या त्या खोलीशी होतं.

यंत्र चालवायला वापीहून एक गृहस्थ येत. भर उकाड्यात ब्लेझर, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, तोंडात सदैव सायन्स. त्यांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं, "मॅडम, ब्रेन पण मसल आहे. जिमला घातला की बनतो."

"मग इतकी वर्षं आम्ही वर्गात काय करत होतो?"

"तुम्ही मॅन्युअल करत होता," ते हसून म्हणाले.

हात शिवशिवले माझे. पण पाहुण्या माणसावर ओरडायची आमच्या शाळेत पद्धत नाही, आणि शिपाई चहा घेऊन आला होता.

नुसतं खेळणं असतं तर मी दोन टोमणे मारून गप्प बसले असते. पण त्या वर्षी नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांची विशेष तुकडी या विमानावरून निवडायची असं ठरलं. विशेष तुकडीला गणित-विज्ञानाचे चांगले शिक्षक, जादा तास, प्रयोगशाळा. उरलेल्यांकडून पास होण्यापुरते प्रश्न घोटून घ्यायचे. वर्षभराच्या चाचण्या, वह्या, शिक्षकांचं मत, हे सगळं मॅन्युअल, म्हणून बाद. अहवालात प्रत्येक मुलापुढे 'स्मरणक्षमता' अशा नावाखाली एक आकडा यायचा. गंमत म्हणजे हा आकडा काढताना मुलाला काहीही आठवायला सांगितलेलं नसायचं. एक कविता नाही, एक पाढा नाही, काल रात्री काय जेवलास एवढंसुद्धा नाही. विमान उडालं की स्मरणशक्ती आहे, नाही उडालं की नाही. मी हे सभेत बोलून दाखवलं. विश्वस्त साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढचा विषय घेतला.

माझ्या वर्गात किलवणीहून येणारी एक मुलगी होती. घरचे धुळ्याकडचे. वडील मसाटला प्लास्टिकच्या कारखान्यात, आई घरी, आणि पाठीवर एक धाकटी बहीण. अशी स्मरणशक्ती मी माझ्या अख्ख्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. धडा एकदा वाचला की तिच्यात उतरायचा. एकदा मी फळ्यावर एका शब्दाचा अर्थ लिहिला तर ही उभी राहिली. "मॅडम, आठवीत तुम्ही ह्याचा वेगळा अर्थ सांगितला होता. त्या दिवशी बाहेर पाण्याचा टँकरवाला भांडत होता, तुम्ही खिडकी लावली होती." मी घरी जाऊन जुन्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेलं बघितलं. कार्टीचं बरोबर होतं. मला तर टँकरवाला अजिबात आठवत नव्हता.

तिला नर्स व्हायचं होतं. वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, विशेष तुकडीत आली तर पुढे शिकवीन, नाहीतर दहावीनंतर पॅकिंगला. माणूस वाईट नव्हता. काठावर पास होऊन पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या मुली तो रोज बघत होता. शाळाच जिला हुशार म्हणत नाही तिच्यासाठी आपण जिवाचा आटापिटा का करायचा, असं त्याला वाटलं तर मी त्याला दोष देत नाही.

तिचं विमान उडालं नाही. मी दारात उभी राहून बघत होते. ताठ बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे पडद्यावर खिळलेले. त्या खोलीत तिच्याइतकं एकाग्र कुणी नव्हतं, आणि आकाश लालभडक. विमान धावपट्टीवरून हलायला तयार नाही. गृहस्थ मान हलवून म्हणाले, "माइंड बहुत भटकता है इसका."

आणि पहिला कोण आला? तर वर्गातला सगळ्यांत विसरभोळा पोरगा. दप्तर बसमध्ये आणि डबा मैदानात विसरणारा. त्याचे आजोबा नुकतेच वारले होते म्हणून मुंडन झालेलं, डोकं तुळतुळीत. त्याचं विमान असं चढलं की पडद्यातून बाहेर पडतं की काय असं वाटलं. तो टोपी घालून चक्क पेंगत होता. "नॅचरल टॅलेंट," गृहस्थांनी निकाल दिला. विशेष तुकडीत त्याचं नाव सगळ्यांत वर लागलं. तोही बिचारा गोंधळला होता.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि दोघांच्या उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाले, "मॅडम, यंत्र भेदभाव करत नाही. माणसं करतात." हे वाक्य त्यांनी उद्घाटनाच्या भाषणातही म्हटलं होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. लाल आलेल्यांना पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी आहे, एवढं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई शाळेत आली. पदर डोक्यावरून घेऊन जिन्याशी उभी होती. तिला एवढंच विचारायचं होतं की आपल्या मुलीच्या डोक्यात नेमकं काय कमी आहे.

"मॅडम, मी घरी काय करू? पोरीले काय खाऊ घालू? सांगा ना. शाळेतलं मले काही समजत नही."

"काही करू नका हो. तिच्यात काहीच कमी नाही. तिला शांत झोपू द्या, बस्स."

पण आई म्हणजे आई. 'काही करू नका' हे कुठल्या आईने ऐकलंय? तिला जे येत होतं ते तिने केलं. दुसऱ्या तपासणीच्या सकाळी मुलीला पाटावर बसवून टाळू भरून खोबरेल चोपडलं. तेल मुरलं की डोकं थंड राहतं, डोकं थंड राहिलं की पाठ केलेलं टिकतं. माझी आईही हेच म्हणायची, आणि परीक्षेच्या दिवशी तर वाटीभर तेल जिरवायची. शिवाय आमच्या शाळेचा नियमच होता, मुलींनी तेल लावून दोन वेण्या घालून यायचं. प्रार्थनेच्या वेळी खेळाचे सर रांगेतून फिरत, आणि जिचे केस कोरडे दिसतील तिला बाहेर काढत. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या या मुलीच्या कपाळावर तेलाचा ओघळ आला होता. सरांनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि तासाभराने टोपीने तिला पुन्हा लाल ठरवलं, आधीपेक्षाही जास्त.

त्यानंतर जे झालं ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. वर्गात प्रश्न विचारला की तिचा हात अर्धा वर जायचा आणि परत खाली यायचा. एकदा मी मुद्दाम तिलाच उठवलं. उत्तर तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

"बोल ना गं."

"मला आठवतंय असं वाटतं मॅडम," ती म्हणाली, "पण नसेल."

मी पुस्तक मिटलं आणि उरलेला तास मुलांना स्वाध्याय करायला लावला.

उलगडा झाला तो हात धुण्याच्या नळावर. मी खडूचे हात धुवायला गेले तर तिथे ते वापीचे गृहस्थ स्पंजचे तुकडे साबणाने चोळत उभे. वैतागलेले. "मॅडम, या मुली डोक्यावर भजी तळतात काय? बघा, पूरा स्पंज तेल-तेल. पाणी पकडतच नाही."

"पाणी नाही पकडलं तर काय होतं?"

"कॉन्टॅक्ट नाही मिळत ना. रीडिंग कचरा."

"मग यंत्र तसं सांगत नाही?"

"सांगते की. वॉर्निंग येते. पण एकेक पोरीचं डोकं पुसत बसलो तर दिवाळी इथेच होणार. वॉर्निंग ऑफ करून ठेवली आहे." हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितलं की आपण काय बोललो ते त्यांना कळलंही नाही.

मी तिथेच नळ चालू ठेवून उभी राहिले. लाल आलेल्या मुली एकेक करून डोळ्यांसमोर आल्या. किलवणीच्या, खेरडीच्या, वसतिगृहातल्या. सगळ्या चापूनचोपून तेल लावणाऱ्या. हिरवे कोण? बारीक केसांचे मुलगे, जेल लावणारे दोन फाजील, सोसायट्यांमधल्या शाम्पूवाल्या मुली, ज्यांना खेळाचे सर रोज बाहेर काढत. आणि सगळ्यांच्या वर तो तुळतुळीत डोक्याचा. शाळा सकाळी मुलींना तेल लावायला लावत होती आणि दुपारी त्याच तेलासाठी त्यांना मठ्ठ ठरवत होती. ज्या आईला जास्त काळजी तिने जास्त तेल लावलं, आणि तिच्याच मुलीचं विमान जास्त आपटलं. मला त्या क्षणी कुणाला तरी फोडून काढावंसं वाटत होतं. माझ्यासमोर फक्त साबणाची वडी होती, ती मी सिंकमध्ये आपटली.

दुसऱ्या दिवशी मी केस धुऊन शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना हाताला धरल्यासारखं त्या खोलीत नेलं. गृहस्थांना म्हटलं, मला टोपी घाला. बसल्या बसल्या मी संध्याकाळी सुके बोंबील करावेत की डाळ-भातावर भागवावं याचा विचार करत राहिले. विमान झकास उडालं. गृहस्थ खूश. मग मी पर्समधून खोबरेलाची बाटली काढली, डोक्यावर ओतली, खसाखसा चोळली आणि म्हटलं, आता पुन्हा. या वेळी डोळे पडद्यावर ठेवून मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हटला, एक अंक न चुकता. आकाश लाल, विमान जमिनीवर.

"सर," मी म्हटलं, "माझी स्मरणशक्ती आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत गेली. वैद्यकीय रजा द्याल का?"

सर हसले नाहीत. माणूस मूर्ख नव्हता, हीच तर चीड आहे. त्यांना सगळं समजलं. खोलीबाहेर आल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "फेरतपासणी घेऊ. तुमची मुलगी येईल तुकडीत. पण हे बाहेर बोलू नका. विश्वस्तांनी स्वतः आणलेलं यंत्र आहे." मला त्या मुलीची जागा हवी होती आणि ती समोर दिसत होती. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना आली. केसांना लावलेल्या तेलाचा विद्यार्थ्यांच्या स्मरणक्षमतेवर विपरीत परिणाम होत असल्याचे तपासणीत आढळून आले आहे, तरी पालकांनी मुलांच्या केसांना तेल लावणे तात्काळ बंद करावे. मी ती वाचली, पुन्हा वाचली आणि सरांना फोन लावला.

"हे काय लिहिलंय सर? तेलाने यंत्र फसतं. मुलांची स्मरणशक्ती कुठून जाईल?"

"तेच ते हो मॅडम. शब्द थोडे इकडचे तिकडे. यंत्र फसतं असं लिहिलं असतं तर उद्या फाटकाशी पालकांची रांग लागली असती."

वड्याचं तेल वांग्यावर ही म्हण मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले. तिचं इतकं निर्लज्ज उदाहरण माझ्याच शाळेत घडेल असं वाटलं नव्हतं. मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सूचना काही बदलली नाही. दुसऱ्या सकाळी खेळाचे तेच सर त्याच रांगांतून फिरले, आणि आता जिच्या केसांना तेल दिसेल तिला बाहेर काढू लागले. आदल्या दिवशीपर्यंत आपण उलटं करत होतो हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

फेरतपासणीत मुलीचं विमान उडालं. अहवालात 'उत्कृष्ट' असा शेरा आला, विशेष तुकडीच्या यादीत नाव आलं, आणि वडील कारखान्यातून सुट्टी काढून सही करायला आले. ती पळत पळत माझ्याकडे आली. केस कोरडे, भुरभुरीत, तोंडावर आलेले.

"मॅडम, माझं डोकं चालू झालं!"

"तुझं डोकं बंद कधी होतं गं? ते स्पंज तेलकट झाले होते, एवढंच."

ती हसली. बाई आहेत, चांगलंच बोलणार, अशा अर्थाचं ते हसू होतं. मग कपाळावर पट्टी बांधून घ्यायची तिची वेळ झाली आणि ती एसीच्या खोलीत गेली. मी जिन्याखालच्या कपाटांपाशी थोडा वेळ उभी राहिले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

पालकसभेला तिची आई आली. ठेवणीतली साडी, हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हाताला धाकटी. पुडा माझ्या हातात दिला आणि एकदम तिला रडू फुटलं.

"मीच लावत आले मॅडम. ती पाळण्यात होती तेव्हापासून. रोज, टाळू भरून. माझ्या आईने मले लावलं, मी तिले लावलं. पोरीचं डोकं मीच बंद केलं हो. दोनदा लाल आली ती माझ्यामुळे आली. बापाने तिले पॅकिंगले टाकली असती, तर ते माझ्या हातून झालं असतं."

मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. स्पंज, मिठाचं पाणी, तेल, बंद केलेली वॉर्निंग. सर बाहेर बोलू नका म्हणाले होते, ते गेले खड्ड्यात. "हे बघा, चष्म्यावर तेल पडलं तर दिसत नाही, म्हणून डोळे जातात का? तेलाने यंत्राला दिसेना. मुलगी होती तशीच आहे. तुम्ही काहीही बिघडवलेलं नाही. खुशाल तेल लावा तिला." ती डोळे पुसत ऐकत होती, प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही लई चांगल्या आहात मॅडम. मले वाईट वाटू नये म्हणून सांगता."

"अहो, खरंच सांगतेय मी!" मी जवळजवळ ओरडलेच. वर्गातले दोन-तीन पालक वळून बघायला लागले. तिने घाईने पदर सावरला, उठली आणि धाकटीला पुढे ओढलं. चार-पाच वर्षांची पोर, केस चारी दिशांना उभे. आईने सवयीने तिच्या टाळूवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हिले आता लावत नही मी," ती म्हणाली. "हिले तरी वाचवलं मॅडम."